सदस्य क्रमांक दोन

४ जुलै

चिमणे,

तुझ्या डोक्यावर हात ठेवून हे लिहितो आहे असं समज. पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकली असशील. फोनवर मला तुझं पाव ऐकू येतं, तुला माझं अर्धं, आणि शेवटी दोघंही "हो, हो" म्हणून फोन ठेवतो. त्यापेक्षा पत्र बरं. पत्रात मध्येच तोंड घालणारं कोणी नसतं. तीस वर्षं वर्गात भाषा शिकवली, पण ही चैन कधी मिळाली नाही.

काम असं आहे. आम्हा निवृत्त शिक्षकांच्या संस्थेने सगळ्यांसाठी मिळून आरोग्य विमा घेतला होता. ती सामूहिक पॉलिसी ३१ ऑगस्टला बंद होते आहे. संस्थेच्या पत्रासोबत तुझ्याच कंपनीचा अर्ज आला आहे. त्यात 'वैयक्तिक', 'फ्लोटर', 'प्रतीक्षा कालावधी', 'पात्रता' असे शब्द भरले आहेत. हेच शब्द व्याकरणाच्या पुस्तकात असते तर अख्ख्या वर्गाला समजावून दिले असते. इथे मात्र मी मागच्या बाकावर बसलो आहे.

आता दुसरी गोष्ट. ही तुझ्या आईला सांगायची नाही. हृदयाच्या डॉक्टरांनी माझी एक झडप बदलायला सांगितली आहे, वर्षाच्या आत. त्यांनी चित्र काढून दाखवलं. चिमणे, कवितेत आपण ज्याला हृदय म्हणतो त्याचा आणि त्या चित्राचा काडीचा संबंध नाही. ते भिजलेल्या पिशवीसारखं दिसतं. तेव्हा मला सांग, मी कुठला विमा घ्यायचा, मी त्यात बसतो का, आणि ही झडप त्यात बसते का?

बाकी दिवस जातो. दुपारी बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसतो. समोरचा सायकलवाला चाकाच्या तारा ताणत असतो, त्या ठेक्यावर पाचवीच्या पुस्तकातल्या कविता आठवतील तशा म्हणतो. पहिली ओळ माझी असायची आणि दुसरी तुझी मामी स्वयंपाकघरातून म्हणायची, आठवतं? तिला जाऊन सहा वर्षं झाली, पण पहिली ओळ म्हणून झाली की मी अजून थांबतो. सवय, दुसरं काय.

तुझा
मामा

---

९ जुलै

मामा,

आईला सांगत नाही, पण तुम्हीही माझ्यापासून काही लपवायचं नाही. आपला सौदा ठरला.

तुम्ही बरोबर माणसाला विचारलंत. आलेले अर्ज तपासणं आणि सह्या जुळवणं हेच माझं काम. तेव्हा पहिल्या बाकावर या आणि नीट ऐका.

सामूहिक पॉलिसी म्हणजे बसथांब्याचं छप्पर. तिथे उभे आहात तोवर ऊन लागत नाही, पण छप्पर आपलं नसतं. थांबा हलला की संपलं. वैयक्तिक म्हणजे ज्याची त्याची छत्री. फ्लोटर म्हणजे सगळ्या कुटुंबाला मिळून एक मोठी छत्री. विम्याची रक्कम एकच असते आणि ज्याला गरज पडेल तो वापरतो. एकाने सगळी वापरली तर त्या वर्षी बाकीचे भिजले.

आता पात्रता. नव्याने विमा घ्यायला आमच्याकडे वयाची मर्यादा पासष्ट आहे आणि तुम्ही सदुसष्ट. नवा अर्ज केलात तर तुमची भाचीच तो नाकारेल. पण सामूहिकमधून मध्ये खंड न पडता आमच्या योजनेत आलात तर वय आड येत नाही. आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षं थांबावं लागतं, तेही तुमचं संस्थेच्या पॉलिसीत केव्हाच थांबून झालंय. ते धरलं जातं. म्हणजे झडप बसते.

फक्त दोन गोष्टी. अर्ज ३१ ऑगस्टच्या आत मंजूर व्हायला हवा. एक दिवस जरी मध्ये रिकामा गेला तरी सगळं पहिल्यापासून, आणि पहिल्यापासून म्हटलं की तुमचं वय आलं. दुसरं, अर्जातलं अक्षर न् अक्षर खरं हवं. खोटं निघालं तर मंजूर झालेली पॉलिसीसुद्धा रद्द होते.

'वैयक्तिक'वर खूण करा. एकट्या माणसाला फ्लोटर लागत नाही.

हे वाक्य लिहिल्यावर मी जरा वेळ पेन खाली ठेवलं. रागावू नका.

चिमणी

---

१५ जुलै

चिमणे,

तुझं पत्र बाराला मिळालं आणि अर्ज मी आठलाच टाकला होता. म्हाताऱ्याची घाई. झडपेचं लिहिलं आहे, अगदी शुद्धलेखनासकट. खूण मात्र फ्लोटरवर झाली आहे. झाली ती झाली. तू छत्री म्हणतेस, मला वाचताना ते पांघरूण वाटलं. दोघांत एक, आणि एकाने ओढलं की दुसऱ्याचे पाय उघडे. आमच्याकडे चाळीस वर्षं ओढणारी कोण होती ते तुला ठाऊक आहे.

तपासणीवाली बाई काल येऊन गेली. सकाळचे अकरा वाजले होते. चटपटीत बाई, सगळी प्रयोगशाळा एका पिशवीत. मी दोन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. रक्त दिल्यावर जरा गरगरलं, म्हणून आत जाऊन पडलो. ती तिचं काम आटपून गेली. सगळं व्यवस्थित झालं, काळजी नसावी.

हल्ली ऊन तिरपं झालं की बाहेरची खोली फार चांगली दिसते. समोरचा तारा ताणतच असतो. कविता म्हणायला मजा येते आहे, पूर्वीसारखी.

तुझा
मामा

---

३० जुलै

मामा,

खुर्च्या दोन कशाला मांडल्या होत्या, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

तुमची फाइल आज माझ्या टेबलावर आली. नात्यातली फाइल आम्ही एकट्याने बघत नाही, म्हणून चष्मेवाल्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "तू तपास, शेवटची सही मी करतो." मी उघडली.

सदस्य क्रमांक एक, तुम्ही. सदस्य क्रमांक दोन, मामी. तिचं नाव छापील आहे, ते संस्थेच्या यादीतून आलंय. म्हणजे सहा वर्षांत तुम्ही संस्थेला कळवलंच नाहीत? बरं, तेही सोडा. पण तिच्या रकान्यातली उंची, वजन, जन्मतारीख तुमच्या अक्षरात आहेत.

इतकं मी समजू शकते. पुढचं समजू शकत नाही. फाइलीत रक्ताचे अहवाल दोन आहेत. तुमचा रक्तगट वेगळा आणि दुसऱ्याचा वेगळा. दुसरा आहे तो मामीचा गट. तो मला पक्का माहीत आहे, कारण तिच्या शेवटच्या आजारपणात त्या गटाच्या बाटल्यांसाठी मीच वणवण केली होती.

मामा, खरं सांगा. शेजारच्या कोणाला बसवलंत का? तसं असेल तर मी ओरडणार नाही. पण दुसऱ्या खुर्चीत कोण बसलं होतं ते मला कळायला हवं.

चिमणी

---

३ ऑगस्ट

चिमणे,

मी कोणालाही बसवलं नाही. शपथ घालू नकोस, तसाच विश्वास ठेव.

रकाना भरला, हा माझा गुन्हा. तीस वर्षं मुलांना बजावलं की रिकामी जागा सोडाल तर गुण जातील. पुढ्यात तिचं नाव छापलेलं आणि खाली सगळं कोरं. हात आपोआप चालला. उंची पाच फूट दीड इंच. वजन लिहिताना हसू आलं, तिने मला ते कधी खरं सांगितलं नव्हतं. आवडनिवड विचारली असती तर पुरवण्या जोडल्या असत्या.

खुर्च्या दोन मांडल्या, कारण तपासणीवालीने आदल्या दिवशी फोन करून "दोघंही घरी असाल ना?" असं विचारलं आणि मी "हो" म्हणालो. का म्हणालो? कोणीतरी असं विचारलं याचंच इतकं बरं वाटलं. विचार केला, ती आली की सांगू, बाई गं, मी एकटाच आहे.

पण मला गरगरलं आणि मी आत जाऊन पडलो. दार लोटलेलं होतं. बाहेर तिचा आवाज आला, "आजी, मूठ घट्ट करा. आता सोडा." मला वाटलं फोनवर कोणाला तरी सांगते आहे. मग म्हणाली, "इथे सही करा. चष्मा देऊ का?" मग खुर्ची सरकल्याचा आवाज. आपल्या त्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे, ती सरकली की ठक् वाजते. ती वाजली.

बाहेर आलो तेव्हा बाई पिशवी आवरत होती. टेबलावर कापसाचे बोळे दोन. ती जोडे घालता घालता म्हणाली, "आजी फारच कमी बोलतात हो." मी काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, "नाही, तशी बोलते, पण ओळख झाल्यावर."

दुसऱ्या खुर्चीवर हात ठेवला. गरम होती. ऊन तिथे पोचत नाही, चिमणे.

मामा

---

९ ऑगस्ट

मामा,

मी त्या तपासणीवालीला भेटले. तिला काही सांगितलं नाही, नुसतं विचारलं, "त्या घरी दुसरं कोण होतं?" ती म्हणाली, "आजी होत्या की. स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. राखाडी स्वेटर, कोपराला वेगळ्या रंगाच्या लोकरीने विणलेला." मामा, ते कोपर मी विणलं होतं.

मग ती आपणहून म्हणाली, "काटा मात्र बिघडला होता. आजोबांचं वजन नीट दाखवलं, आजी उभ्या राहिल्या तर शून्यच. सेल उतरले असतील म्हणून अर्जातलं वजन लिहून टाकलं. सांगू नका हं ऑफिसात." मी नाही सांगितलं. काय सांगणार होते?

आता आमच्या डॉक्टरांचा शेरा ऐका. सदस्य क्रमांक दोन, सर्व अहवाल उत्तम, स्वीकृत. सदस्य क्रमांक एक, झडपेचा विकार, कागदपत्रं पूर्ण झाल्यावर विचार. म्हणजे कंपनीला मामी पसंत आहे, शंका तुमच्याबद्दलच आहे! मी खुर्चीत मोठ्याने हसले. सगळ्यांनी वळून पाहिलं, मग माझं हसू गेलं.

हे सगळं काय आहे ते मला कळत नाही आणि कळून घ्यायला वेळही नाही. एक मात्र मला नक्की कळतं. हयात नसलेलं माणूस पॉलिसीत सदस्य असू शकत नाही. आज ना उद्या ते उघड होणार, आणि होईल ते तुम्ही ऑपरेशनसाठी दाखल झाल्यावर. तेव्हा अख्खी पॉलिसी रद्द होईल.

मूळ अर्ज दुरुस्तीसाठी परत पाठवते आहे. मामीच्या नावावर एक सरळ रेघ मारा. शेजारी सही करा. 'फ्लोटर' खोडून 'वैयक्तिक' करा, तिथेही सही. मृत्यूचा दाखला जोडा. पंचवीसपर्यंत माझ्या हातात हवं. रजा मिळाली असती तर मीच येऊन तुमच्या हाताला धरून करून घेतलं असतं.

एक रेघ आहे, मामा. फक्त एक रेघ.

चिमणी

---

१७ ऑगस्ट

चिमणे,

अर्ज पाच दिवस टेबलावर होता. आज तो जसा आला तसा पाकिटात घालून परत टाकतो आहे. मी त्यावर काहीही केलेलं नाही.

रागावण्याआधी ऐक. लाल शाईने मी आयुष्यात हजारो शब्द खोडले. या नावावर पट्टी ठेवली आणि हात थांबला. म्हातारपणाचा कंप म्हणशील. तो आहेच, पण ते कारण नाही.

ती गेली त्या वर्षी लोक एकेक यादी घेऊन आले. बँकेतून नाव कमी केलं. मतदार यादीतून केलं. गॅसच्या कार्डावरून, वाचनालयाच्या वहीतून, दाराच्या पाटीवरूनसुद्धा. प्रत्येक वेळी घर थोडं अधिक रिकामं झालं. हे मी कल्पनेने सांगत नाही. पाटी बदलली त्या दिवसापासून तिची पावलं वाजायची थांबली. बँकेचं झालं त्या दिवसापासून कपाटाला तिच्या कपड्यांचा वास येईना. तुला मी हे कधी सांगितलं नाही. सहा वर्षं घरात काहीही नव्हतं, आणि त्याची मला सवय झाली होती.

मग हा अर्ज आला, आणि मी तिचा रकाना भरला. त्या संध्याकाळी खिडकीशी बसून पहिली ओळ म्हटली. दुसरी ओळ आली. स्वयंपाकघरातून, भांड्यांच्या आवाजात, तिच्या नेहमीच्या चुकीसकट. तिसऱ्या शब्दावर ती कायम अडखळायची.

मी घाबरलो नाही असं समजू नकोस. आत गेलो तर कोणी नव्हतं, नळ मात्र थेंब थेंब गळत होता आणि ओटा नुकताच पुसलेला होता. पण चिमणे, दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पहिली ओळ म्हटली. रोज म्हणतो.

जगातल्या एका यादीत तिचं नाव राहिलं आहे. तेवढ्या धाग्याला धरून ती येते. तो मी तोडू? झडपेचं काय व्हायचं ते होवो. सदुसष्ट वर्षं चालली, अजून जितकी चालेल तितकी चालेल.

तुझ्या मेहनतीवर पाणी ओतलं, याचं मात्र फार वाईट वाटतं.

मामा

---

२३ ऑगस्ट

मामा,

तुमचं पत्र आणि अर्जाचं पाकीट एकाच दिवशी आलं. आधी पत्र उघडलं. ऑफिसच्या जिन्यात उभी राहून रडले. मग डोळे पुसून पाकीट उघडलं, आणि तुमच्यावर रागावू की तुमच्या पाया पडू तेच कळेना.

केलंत की तुम्ही! मामीच्या नावावर एक सरळ रेघ आहे, 'फ्लोटर' खोडून 'वैयक्तिक' केलेलं आहे, दाखलाही जोडलेला आहे. मग पत्रात एवढं रामायण कशासाठी लिहिलंत? पाकीट चिकटवण्याआधी मन बदललं आणि पत्र तसंच गेलं, असंच ना?

फक्त एक विचारायचं आहे. रेघेच्या शेजारी सही तुमची हवी होती. तिथे मामीची आहे.

नियमाने सदस्याचं नाव काढताना मुख्य अर्जदाराची किंवा त्या सदस्याची, कोणाचीही सही चालते. नियम लिहिणाऱ्याने असा प्रसंग डोळ्यांपुढे ठेवला नसणार. चष्मेवाल्या साहेबांनी दाखला पाहिला, रेघ पाहिली आणि मला म्हणाले, "सही जुळते का ते बघ, मग मंजूर करून टाकू. म्हाताऱ्या माणसाला उगाच ताटकळत ठेवू नको." सही कोणाची आणि दाखल्यावरची तारीख कुठली, ते त्यांनी पाहिलंच नाही.

मी संस्थेकडचं जुनं कार्ड काढलं. दोन्ही सह्या शेजारी ठेवल्या, भिंगाखाली धरल्या. शेवटच्या अक्षराची शेपटी तिची वर वळायची, जणू काही आणखी बोलायचं राहिलंय. मामा, या कामात माझी अकरा वर्षं गेली. नक्कल केलेली सही मला लांबून ओळखू येते, कारण नक्कल करणारा हळू लिहितो. ही सही झरझर केलेली आहे.

जुळली. मी तसा शिक्का मारला. तुमचा अर्ज काल मंजूर झाला. मध्ये एक दिवसही खंड पडत नाही.

तंद्रीत तुमच्याच हातून झालं असेल, असं मी स्वतःला समजावते आहे. चाळीस वर्षं एका घरात राहिलं की हाताला हात लागत असेल. तसंच झालं ना? तेवढं एक कळवा.

चिमणी

---

५ सप्टेंबर

चिमणे,

पॉलिसी पोचली. एकच नाव आहे. तुझं पत्र मी चारदा वाचलं.

तसं झालं नाही. पाकीट मी सतराला सकाळी चिकटवायला घेतलं तेव्हा अर्ज जसाच्या तसा होता, शेवटचा पाहून घडी घातली. डिंक सापडेना, म्हणून सायकलवाल्याकडे मागायला खाली उतरलो. जिने दोन, त्यात माझी झडप, येऊन जाऊन पंधरा मिनिटं लागली असतील. परत आलो तर पाकीट चिकटवलेलं होतं. मला वाटलं मीच चिकटवून विसरलो. विसरतो हल्ली. तसंच नेऊन पेटीत टाकलं.

दाखला कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर होता. माझा हात तिथे पोचत नाही, आणि गुडघ्यामुळे मी स्टुलावर चढत नाही, हे तूच मला बजावून ठेवलं आहेस. तुझं पत्र आल्यावर पाहिलं. स्टूल कपाटाशी होतं. सायकलवाल्याला वर चढवून पाहिलं, तर फळीवरची धूळ तशीच होती, फक्त दाखल्याएवढी जागा स्वच्छ.

तिने मला विचारलं नाही. जन्मभर असंच केलं तिने. मी एखाद्या गोष्टीवर बसून काव्य करत असे, आणि ही तोवर काम उरकून मोकळी झालेली असे. मग म्हणायची, "तुमचं झालं का? माझं झालं."

सतराच्या दुपारी मी खिडकीशी बसून पहिली ओळ म्हटली होती. तेव्हा अजून मला काही ठाऊक नव्हतं. थांबलो. तारांचा आवाज येत होता. पुन्हा म्हटली, मोठ्याने. मग स्वयंपाकघरात गेलो. नळ गळत नव्हता. ओट्यावर माझा सकाळचा कप तसाच पडला होता, तळाला साय धरलेला. तेव्हापासून रोज तो मीच विसळतो.

इस्पितळातून पत्र आलं आहे. येत्या सोमवारी दाखल व्हायचं, बुधवारी झडप. विम्याचं सगळं तिथे पोचलेलं आहे, तिथल्या बाई म्हणाल्या, "आजोबा, तुमचे कागद अगदी चोख आहेत."

सगळं इतकं चोख आहे की मी तीन दिवस झोपलो नाही. या घरात आता दचकावं असं काहीही उरलेलं नाही, चिमणे, आणि मला फार भीती वाटते आहे. आईला सांग. रजा मिळो न मिळो, सोमवारी ये.

मामा